सिनॅमनचं पॅनेल गायब, मेनू उघडेना: लिनक्स मिंटचा डेस्कटॉप मूळपदावर आणताना

मशीन चालू होतं, लॉगिन होतं, मागचं चित्रही दिसतं, पण खालची पट्टी नाही, मेनू नाही आणि खिडकीला बंद करायची फुलीही नाही. किंवा पट्टी असते, पण मेनूवर कितीही क्लिक करा, ढिम्म. किंवा पासवर्ड दिला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि लॉगिनचं पान परत समोर येतं. लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवर सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, मेनू आणि खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांकडून हे तीन प्रकार माझ्याकडे सारखे येतात. बहुतेकांना आधी कुणीतरी सांगितलेलं असतं की आता फॉरमॅटच मारावं लागेल. ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण यातली बहुतेक मशीन फॉरमॅट न करता बरी होतात आणि एकही फोटो किंवा फाइल जात नाही.

कारण सोपं आहे. पॅनेल म्हणजे ती खालची पट्टी कुठे ठेवायची, थीम कोणती, मेनूत काय दिसायचं ही सगळी मांडणी तुमच्या होम फोल्डरमधल्या काही मोजक्या लपलेल्या फाइलींमध्ये असते. तुमची कागदपत्रं आणि फोटो त्याच होम फोल्डरात, पण वेगळ्या जागी. मांडणीच्या फाइली बाजूला सारल्या की सिनॅमन पुढच्या लॉगिनला मूळच्या सेटिंगवर स्वतः उभं राहतं. फक्त बिघाड मांडणीत आहे की दुसरीकडे, हे आधी कळायला हवं. नाहीतर सगळ्या सेटिंग पुसून बसता आणि बिघाड तसाच राहतो.

लक्षणं नीट वाचा

सिनॅमन क्रॅश झालंय, तुम्ही फॉलबॅक मोडमध्ये आहात, परत सुरू करायचं का, असं विचारणारा इंग्रजी चौकोन आला आणि हो म्हटल्यावर पुन्हा तोच आला, तर संशय बाहेरून घातलेल्या ॲप्लेट-एक्स्टेंशनवर (डेस्कटॉपला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामवर) किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरवर (पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर).

कोपऱ्यात 'सॉफ्टवेअर रेंडरिंग मोड' असा संदेश येत असेल आणि मशीन कण्हत असेल, तर ड्रायव्हरचं काम. इथे सेटिंग रिसेट करून काडीचाही फरक पडत नाही.

पासवर्ड दिल्यावर कसलीही तक्रार न करता लॉगिनचं पान परत येत असेल, तर डिस्क भरलेली असते किंवा एका फाइलची मालकी बदललेली असते. पासवर्ड चुकीचा आहे असं स्पष्ट लिहून येत असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण म्हणजे लॉगिनच्या पानावर कीबोर्ड मराठीवर अडकलेला असतो आणि ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरं उमटत असतात. वरच्या पट्टीत भाषा दिसते, तिथून इंग्रजी निवडा आणि कॅप्स लॉकही बघा.

सेटिंग बदलता, पण पुढच्या लॉगिनला जुनीच परत येते, हे लक्षण गंभीर धरा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आता सगळ्यात स्वस्त उपाय

कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबा. सिनॅमन जागच्या जागी परत सुरू होतं आणि उघडलेल्या खिडक्या, न साठवलेलं काम तसंच राहतं. पाच सेकंदांचं काम आहे, म्हणून पहिलं. तात्पुरतं अडकलेलं पॅनेल यानेच परत येतं. हाच उपाय पॅनेलवर उजवं क्लिक करून 'ट्रबलशूट'मध्येही सापडतो.

तेवढ्याने झालं नाही तर लॉगआउट करा आणि लॉगिनच्या पानावर नावाशेजारच्या छोट्या चिन्हावर क्लिक करा. तिथे कोणत्या प्रकारचा डेस्कटॉप सुरू करायचा याची यादी असते. मिंट २१.३ पासून तिच्यात वेलँडवरचं (पडद्यावर चित्र दाखवायच्या नव्या पद्धतीवरचं) सिनॅमनही दिसतं आणि त्याच्यापुढे ते प्रायोगिक असल्याचं लिहिलेलं असतं. घरातल्या कुणी चुकून ते निवडलं, तर मशीन तेच लक्षात ठेवतं आणि मग कधी मराठी टायपिंग चालत नाही, तर कधी ॲप्लेट विचित्र वागतात. साधं 'सिनॅमन' निवडा.

पॅनेल गायब, बाकी सगळं ठीक

शाळा, वाचनालयं आणि शिकवण्या घेणाऱ्यांच्या लॅपटॉपवर हा प्रकार फार. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो, पॅनेल दुसऱ्या पडद्यावर जातं, केबल काढली जाते, आणि पॅनेल अजूनही त्या नसलेल्या पडद्यावरच आहे असं सिनॅमन समजतं.

आधी विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि पी दाबून डिस्प्लेचे प्रकार फिरवून बघा. पुष्कळदा इथेच संपतं. नाही संपलं तर कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा.

टर्मिनलमधल्या कमांड इथे मी फोनवर सांगतो तशा लिहिल्या आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं स्मॉल इंग्रजीत टाइप करा, आणि स्पेस म्हटलं तिथेच स्पेस द्या.

जीसेटिंग्ज, स्पेस, गेट, स्पेस, ओआरजी डॉट सिनॅमन, स्पेस, पॅनेल्स-एनेबल्ड. यातलं 'जीसेटिंग्ज' म्हणजे जी या अक्षराला जोडून सेटिंग्ज हा शब्द. एंटर मारलं की चौकटी कंसात एक छोटी ओळ येते: १, विसर्गचिन्ह, ०, विसर्गचिन्ह आणि 'बॉटम'. पहिला आकडा पॅनेलचा, मधला पडद्याचा, आणि शेवटचा शब्द पॅनेल कोणत्या कडेला आहे ते सांगतो. पडद्यांची मोजणी ० पासून होते. एकच पडदा असताना मधे १ दिसला, तर चोर सापडला. तीच कमांड 'गेट'च्या जागी 'रिसेट' लिहून द्या. तेवढी एकच नोंद मूळपदावर येते, बाकी कशाला धक्का लागत नाही.

डिस्क भरली आहे का

लॉगिन फिरून फिरून परत येत असेल तर हे सगळ्यात आधी बघा. डेस्कटॉप सुरू होताना त्याला होम फोल्डरमध्ये थोडं लिहावं लागतं. जागाच नसेल तर तो निमूट बंद पडतो आणि तुम्ही लॉगिनच्या पानावर परत येता.

लॉगिनच्या पानावर असतानाच कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. लॅपटॉपवर कधी एफएन कळही धरावी लागते. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. घाबरू नका, तसंच टाइप करून एंटर मारा. ग्राफिकल पानावर परतायला कंट्रोल-ऑल्ट-एफ७. इथे मराठी नावाच्या फाइली चौकोन किंवा खुणांसारख्या दिसतात. या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही एवढंच, फाइली शाबूत असतात.

डी आणि एफ जोडून, स्पेस, मग हायफन आणि एच. येणाऱ्या यादीत टक्क्यांचा रकाना बघा. ज्या ओळीच्या शेवटी फक्त तिरकी रेघ आहे ती, आणि 'होम'ची वेगळी ओळ असेल तर तीही. १०० टक्के दिसले तर रोग कळला. सुडो, स्पेस, एपीटी, स्पेस, क्लीन ही कमांड अपडेटच्या साठवलेल्या फाइली काढते आणि त्यात धोका काही नाही. 'सुडो' लावलं की कमांड सिस्टिमच्या प्रशासकाच्या अधिकाराने चालते, म्हणून पासवर्ड विचारला जातो. होम फोल्डरमधली 'डॉट एक्ससेशन-एरर्स' ही नोंदींची फाइलही कधीकधी फुगून अनेक जीबीची झालेली मी पाहिली आहे. ती काढली तरी चालते, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. आत शिरता आलं की टाइमशिफ्ट हा सिस्टिमच्या जुन्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणारा प्रोग्राम उघडा. जुने स्नॅपशॉट त्याच डिस्कवर साठत असतील तर जागा त्यांनीच खाल्लेली असते. दोन-तीन ठेवून बाकीचे टाइमशिफ्टमधूनच काढा, फोल्डरमध्ये जाऊन हाताने नको.

नवा वापरकर्ता: इथे वाट फुटते

या सगळ्यातली माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी हीच, आणि नेमकी हीच लोक टाळतात. मशीनवर एक नवं खातं उघडायचं आणि त्यातून लॉगिन करून बघायचं. डेस्कटॉप थोडाफार चालत असेल तर 'युजर्स अँड ग्रुप्स'मधून. चालत नसेल तर काळ्या पडद्यावर सुडो, स्पेस, ॲडयुजर, स्पेस आणि कोणतंही छोटं इंग्रजी नाव. पासवर्ड दोनदा विचारेल, बाकीच्या प्रश्नांना एंटर मारत जा.

नव्या खात्याच्या मांडणीच्या फाइली कोऱ्या असतात. तिथे डेस्कटॉप झकास चालला, तर मशीन, ड्रायव्हर आणि सिनॅमन तिन्ही ठीक आहेत. बिघाड तुमच्या खात्यातल्या मांडणीत आहे आणि रिसेटने तो जाणार. नव्या खात्यातही तेच रडगाणं असेल, तर तुमच्या सेटिंगना हातही लावू नका. दोष सिस्टिममध्ये आहे.

बरेच जण सिनॅमनच परत इन्स्टॉल करतात आणि बिघाड तसाच कसा म्हणून चक्रावतात. इन्स्टॉल केल्याने सिस्टिममधल्या फाइली बदलतात, होम फोल्डरला ती प्रक्रिया शिवतही नाही. खात्यातला दोष त्याने जाणं शक्यच नाही.

दोष तुमच्या खात्यात असेल तर

एकच नियम पाळा: काहीही पुसू नका, नाव बदला. नाव बदललं की सिनॅमनला फाइल सापडत नाही, ते नवी बनवतं. फायदा झाला नाही तर जुनं नाव परत द्या, काहीच गेलेलं नसतं. नाव बदलायची कमांड एम आणि व्ही जोडून, स्पेस, जुनं नाव, स्पेस, नवं नाव. हे काम ग्राफिकल लॉगिनमधून बाहेर पडून काळ्या पडद्यावर करा. डेस्कटॉप चालू असताना केलं, तर तो बाहेर पडता पडता जुन्या गोष्टी परत लिहू शकतो.

लॉगिन परत फिरत असेल आणि डिस्कला जागा असेल, तर 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाइल बघा. एल आणि एस जोडून, स्पेस, हायफन, एल आणि ए जोडून. यादीत त्या फाइलपुढे तुमच्या नावाऐवजी 'रूट' (सिस्टिमचा प्रशासक) दिसलं तर ती तुमची उरलेली नाही. सुडो लावून एखादा ग्राफिकल प्रोग्राम चालवला की असं होतं. फाइल रूटची असली तरी फोल्डर तुमचा असतो, त्यामुळे तिचं नाव तुम्हाला बदलता येतं. नावातलं एक्स कॅपिटल आहे. डॉट आणि एक्स टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव आपोआप भरतं. नाव बदला, लॉगिन करा, नवी फाइल तयार होते.

मेनू उघडत नसेल किंवा क्रॅशचा चौकोन येत असेल, तर पाळी ॲप्लेट, डेस्कलेट (डेस्कटॉपवर ठेवायचे छोटे प्रोग्राम) आणि एक्स्टेंशनची. मिंटची मोठी आवृत्ती चढवली, २० वरून २१ किंवा २१ वरून २२, की ज्यांची काळजी घेणारं कुणी उरलेलं नाही अशी जुनी एक्स्टेंशनं नव्या सिनॅमनशी जुळत नाहीत. ती डेस्कटॉपच्या पोटातच चालतात, त्यामुळे एक पडलं की सगळ्यांना घेऊन पडतं. सिस्टिम सेटिंग उघडत असतील तर आधी एक्स्टेंशन एकेक करून बंद करा, मग ॲप्लेट. उघडत नसतील तर बाहेरून घातलेलं सगळं एका फोल्डरमध्ये असतं: होममध्ये 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'सिनॅमन'. त्या शेवटच्या फोल्डरचं नाव बदललं की सगळी पाहुणे मंडळी एकदम बाहेर.

फुली, किमान-कमाल ही बटणंच दिसत नसतील, तर उतरवून घेतलेल्या थीमचा संशय घ्या. थीमच्या सेटिंगमध्ये जाऊन मिंटची स्वतःची कोणतीही थीम निवडून बघा, पुढचं काही करावं लागणार नाही कदाचित.

एवढं करूनही जमलं नाही तर रिसेट. सौम्य प्रकार पॅनेलवरच्या उजव्या क्लिकमध्ये आहे: 'ट्रबलशूट', त्यात 'रिस्टोअर ऑल सेटिंग्ज टू डीफॉल्ट'. पॅनेल आणि त्यावरची ॲप्लेटं यांची मांडणी मूळपदावर येते.

कडक प्रकार म्हणजे डीकॉन्फ. सिनॅमनसह अनेक प्रोग्रामच्या सेटिंग एकाच फाइलमध्ये असतात. तिचं नाव 'युजर', आणि ती 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'डीकॉन्फ' फोल्डरात बसलेली. ती साधी मजकुराची फाइल नाही, त्यामुळे एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करता येत नाही. मशीन लिहिण्याच्या मधेच लाइट गेली की ती खराब व्हायची शक्यता असते. आधी फक्त सिनॅमनचा भाग उडवून बघा: डीकॉन्फ, स्पेस, रिसेट, स्पेस, हायफन आणि एफ, स्पेस, मग /ओआरजी/सिनॅमन/ असं पुढेमागे दोन्हीकडे तिरकी रेघ देऊन. शेवटची रेघ विसरलात तर कमांड चालत नाही. ती रेघ 'ओआरजी'नंतरच देऊन थांबलात तर सिनॅमनबरोबर आणखी बरंच काही उडेल, म्हणून एंटरच्या आधी ओळ पुन्हा वाचा. यानेही नाही झालं तर त्या 'डीकॉन्फ' फोल्डरचंच नाव बदला आणि मशीन रीस्टार्ट करा.

काय जातं, तेही आधी माहीत हवं. वॉलपेपर, थीम, पॅनेल, स्वतः ठरवलेले शॉर्टकट, स्क्रीन लॉक आणि वीज वाचवण्याच्या सेटिंग, आणि पूर्ण डीकॉन्फ हलवलं तर निमोमधली (मिंटच्या फाइल मॅनेजरमधली) फाइली बघायची पद्धत. फायरफॉक्समधले बुकमार्क आणि पासवर्ड, वायफाय, कागदपत्रं यांना काही होत नाही. आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: कीबोर्ड लेआउटची यादीही जाऊ शकते, पूर्ण डीकॉन्फ हलवलं तर आयबसमध्ये (भाषांच्या टायपिंगसाठीच्या प्रोग्राममध्ये) जोडलेला मराठीचा पर्यायही. रिसेटनंतर मराठी उमटेना म्हणून घाबरून फोन येतात. फॉन्ट आणि लिहिलेला मजकूर जागेवर असतो, फक्त कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटच्या यादीत मराठी परत जोडायची. आयबस वापरत असाल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये. तुमचा लेआउट इनस्क्रिप्ट आहे की फोनेटिक, हे रिसेटच्या आधी कागदावर लिहून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मशीन असेल तर हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नका. लेआउट बदलला तर त्यांचं लिहिणंच थांबतं.

दोष सिस्टिममध्ये असेल तर

नव्या खात्यातही तेच होतंय, तर पहिला प्रश्न: अपडेट चालू असताना मशीन बंद पडलं होतं का? अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करायची कमांड: सुडो, स्पेस, डीपीकेजी, स्पेस, दोन हायफन जोडून कॉन्फिगर, स्पेस, हायफन आणि ए. त्यानंतर सुडो एपीटी इन्स्टॉल, स्पेस, हायफन आणि एफ. सिनॅमन काढून परत घालू या विचाराने 'रिमूव्ह' मात्र करू नका. त्याच्याबरोबर इतर पॅकेजंही निघतात, आणि त्याच वेळी इंटरनेट दगा देऊ शकतं.

बिघाड कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर मशीन सुरू होताना शिफ्ट धरून ठेवा, नव्या मशीनवर एस्केप, आणि ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. जुन्यावर चाललं तर दोष नव्या कर्नल-ड्रायव्हरच्या जोडीत. एनव्हिडिया कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधला शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा.

टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट असेल तर इथे त्याचा खरा उपयोग, म्हणजे सिस्टिम चार दिवस मागे नेता येते. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो होम फोल्डर साठवत नाही. त्यामुळे कागदपत्रं परत मिळवायला त्याच्यावर विसंबू नका, आणि खात्यातला दोष त्याने जाईल अशीही आशा धरू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

काळ्या पडद्यावर 'इनपुट/आउटपुट एरर' किंवा 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असे शब्द दिसले तर लगेच थांबा. डिस्क मरायला लागली की सिस्टिम कधीकधी तिच्यावर लिहिणंच बंद करते, आणि सेटिंग टिकत नाहीत याचं ते एक कारण. अशा डिस्कवर तुम्ही जितके प्रयोग कराल तितका डेटा परत मिळायची शक्यता कमी. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल किंवा 'डिस्क्स' प्रोग्राममधली 'स्मार्ट' नावाची डिस्कच्या तब्येतीची तपासणी ती निकामी होत असल्याचं सांगत असेल, तरीही हेच.

स्क्रीनवरच्या रेघा किंवा ठिपके मशीन सुरू होतानाच्या कंपनीच्या चिन्हावरही दिसत असतील, तर लिनक्स अजून सुरूच झालेलं नाही. दोष हार्डवेअरचा आहे. होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल आणि उघडत नसेल, तरी स्वतः हात घालू नका. मशीन ऑफिसचं असेल तर तिथल्या आयटीच्या माणसालाच करू द्या.

दुरुस्तीला देताना आधी स्पष्ट सांगा की डेटाची प्रत घेतल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) मशीन सुरू करून होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतो. निकामी होत चाललेली डिस्क मात्र त्यांना पहिल्यांदा पूर्ण क्लोन करू द्या, म्हणजे तिची हुबेहूब प्रत काढू द्या. सोबत एका चिठ्ठीवर लिहून द्या: मिंटची आवृत्ती, बिघाडाच्या आधी काय बदललं, नव्या खात्यात काय झालं, आणि कोणत्या फाइलींची नावं बदलली. ती चिठ्ठी असली की त्यांना पहिल्यापासून शोधाशोध करावी लागत नाही.